स्वतःची वाट अंथरणारे यंत्र

वळवाच्या पावसाने शेतातील काळी माती लोण्यासारखी मऊ झाली आहे आणि पोत्यांनी भरलेली बैलगाडी त्या मातीत अडकून पडली आहे, हा देखावा खेड्यातील मुलांना नवा नाही. बैल मान खाली घालून जोर करतात, गाडीवान चाकाला खांदा देतो. पण चाक जो जो फिरते, तो तो ते अधिकच खोल रुतते. अशा वेळी एखादा जाणता शेतकरी बैलांना थांबवितो. तो एक रुंद फळी आणून चाकापुढे टाकतो. चाक फळीवर चढते आणि गाडी हलते. फळी संपली, की मागची फळी उचलून पुन्हा पुढे टाकावयाची. अशा रीतीने दोन-चार फळ्यांच्या बळावर गाडी चिखलातून सुखरूप बाहेर पडते.

या साध्या युक्तीतच एका प्रचंड यंत्राचे बीज आहे. मागे पडलेली फळी माणसाने उचलून पुढे टाकण्याऐवजी यंत्रानेच ती उचलली आणि पुढे टाकली तर? मग रस्ता नसला तरी यंत्राचे अडणार नाही. ते आपली वाट आपल्यासोबतच नेईल. ही कल्पना फार जुनी आहे. रिचर्ड लव्हेल एजवर्थ या संशोधकाने 1770 साली इंग्लंडमध्ये अशा तऱ्हेच्या युक्तीचे पेटंट घेतले होते. परंतु ती कल्पना प्रत्यक्ष कामात यशस्वी होण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्टॉक्टन नावाचे शहर आहे. त्याच्या आसपासची जमीन नद्यांच्या मुखाजवळची, अत्यंत सुपीक, पण तितकीच भुसभुशीत व ओली. तेथील शेतकरी वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर वापरीत. हे ट्रॅक्टर मातीत रुतू नयेत म्हणून त्यांची चाके अधिकाधिक रुंद करण्यात आली; इतकी, की यंत्र वळविणेही कठीण होऊन बसले. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने निराळाच विचार केला. त्याने आपल्या एका वाफेच्या ट्रॅक्टरची चाके काढून टाकली आणि त्यांच्या जागी साखळ्यांवर लाकडी पट्ट्या बसवून तयार केलेले दोन अखंड पट्टे चढविले. 24 नोव्हेंबर 1904 रोजी रॉबर्ट्स आयलंड येथील दलदलीच्या शेतात हे यंत्र नांगरणीसाठी उतरविण्यात आले आणि ते न रुतता चालू लागले. त्याची सरपटत जाण्याची तऱ्हा पाहून त्याला सुरवंटाची उपमा देण्यात आली आणि पुढे सुरवंट या अर्थाचा इंग्रजी शब्दच त्या यंत्राचे नाव होऊन बसला.

आज बुलडोझर, माती खोदणारे एक्सकॅव्हेटर, खाणींतील अजस्र फावडी, तसेच भाताच्या ओल्या खाचरात फिरणारी काही कापणी-मळणीची यंत्रे अशाच पट्ट्यांवर चालतात. चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणींत किंवा एखाद्या धरणाच्या कामावर गेलेल्या मुलांनी ती पाहिलीही असतील. पाहणाऱ्याचे लक्ष सहजच यंत्राच्या पोलादी पात्याकडे किंवा उंच उठणाऱ्या बाहूकडे जाते. परंतु या सर्व यंत्रांचा भार जो वाहतो, तो भाग खाली, पट्ट्याच्या आत, चिखलाने माखलेला असतो. तो भाग म्हणजे रोलर.

रोलरचे काम समजण्यासाठी प्रथम पट्ट्याचे काम समजून घेतले पाहिजे. ओझे तेच असले, तरी ते जितक्या अधिक जागेवर पसरावे, तितका जमिनीवरचा दाब कमी होतो. समजा, एका बुलडोझरचे वजन 20 टन, म्हणजे 20,000 किलोग्रॅम आहे. त्याचा प्रत्येक पट्टा 50 सेंटिमीटर रुंद असून त्याचा 3 मीटर लांबीचा भाग जमिनीला टेकलेला आहे. दोन्ही पट्ट्यांची टेकलेली जागा 30,000 चौरस सेंटिमीटर होते. तेव्हा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाऊण किलोग्रॅमपेक्षाही कमी भार येतो. याच्या उलट, भरलेल्या मालमोटारीच्या चाकाखाली हाच भार सुमारे 7 किलोग्रॅम असतो. म्हणून जेथे मालमोटार रुतते, तेथून तिच्यापेक्षा जड असा बुलडोझर सहज निघून जातो.

आता या पट्ट्याची रचना पाहू. पट्ट्याचा गाभा म्हणजे पोलादी दुव्यांची एक जाड साखळी. हे दुवे खिळींनी एकमेकांस असे जोडलेले असतात, की त्यांना सांध्यापाशी वाकता यावे. साखळीच्या बाहेरच्या अंगाला रुंद पोलादी फळ्या पक्क्या बसविलेल्या असतात. कारागीर त्यांना ‘शू’, म्हणजे जोडे, म्हणतात. जमिनीवर टेकतात त्या या फळ्या. साखळीच्या आतल्या अंगाला दुव्यांच्या कडा एकापुढे एक येऊन दोन गुळगुळीत समांतर पट्ट्या तयार होतात. त्या अगदी आगगाडीच्या रुळांसारख्या दिसतात आणि खरोखरच त्या रुळांचेच काम करतात.

यंत्राच्या एका टोकाला दात असलेले एक चक्र असते. एंजिनाची शक्ती या चक्राला मिळते आणि त्याचे दात साखळीत अडकून तिला ओढतात. दुसऱ्या टोकाला बिनदाती चाक असते. ते साखळीला वळण देऊन पुन्हा जमिनीकडे पाठविते. या दोन चाकांच्या मध्ये, खालच्या बाजूस, एका मजबूत चौकटीला रोलर ओळीने बसविलेले असतात. मध्यम आकाराच्या बुलडोझरला प्रत्येक बाजूस असे सहा ते आठ रोलर असतात. यंत्राचे जवळजवळ सर्व वजन चौकटीवर येते, चौकटीवरून रोलरवर, रोलरवरून साखळीच्या रुळांवर, रुळांवरून फळ्यांवर आणि शेवटी फळ्यांवरून जमिनीवर उतरते.

येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बुलडोझर चालत असताना त्याचा पट्टा सतत फिरताना दिसतो; म्हणून जमिनीला टेकलेला भागही मागे घसरत असेल, असा पाहणाऱ्याचा समज होतो. परंतु यंत्र नीट चालत असेल, तर जमिनीला टेकलेली फळी जागची हलत नाही. ती स्तब्ध पडून असते आणि यंत्र रोलरच्या आधाराने तिच्यावरून पुढे निघून जाते. शेवटचा रोलर पुढे गेला, की ती फळी मागच्या बाजूने उचलली जाते आणि वरच्या बाजूने यंत्राच्या दुप्पट वेगाने पुढे धावते. कारण तिला यंत्राला गाठून, मागे टाकून, त्याच्यापुढे जाऊन पडावयाचे असते. माणसाच्या चालण्यातही हेच घडते. जमिनीवर टेकलेले पाऊल स्थिर असते, शरीर त्याच्यावरून पुढे जाते आणि उचललेले दुसरे पाऊल शरीरापेक्षा अधिक वेगाने पुढे येते. सारांश, असे यंत्र म्हणजे आपले रूळ आपणच उचलणारी आणि आपणच पुढे अंथरणारी एक आगगाडी होय. आणि रोलर ही त्या आगगाडीची चाके होत.

मग चौकटीखाली एखादे घसरते पोलादी पाते बसविले असते तर चालले नसते काय? रोलर कशासाठी? याचे उत्तर घरच्या घरी मिळण्यासारखे आहे. एक जाड पुस्तक मेजावर ठेवून बोटाने ढकलावे. नंतर त्याच पुस्तकाखाली चार गोल पेन्सिली ठेवून ते पुन्हा ढकलावे. दुसऱ्या वेळी पुस्तक हलक्याशा स्पर्शाने पुढे जाते. घसरण्यात होणारे घर्षण मोठे, तर गडगडण्यात होणारे अगदी थोडे. वीस टनांचे ओझे पोलादावर पोलाद घासत न्यावयाचे म्हटले, तर एंजिनाची बरीचशी शक्ती घर्षणातच वाया जाईल आणि घासणारे पोलाद थोड्याच काळात झिजून जाईल.

रोलर एक-दोन न ठेवता अनेक ठेवण्यामागेही कारण आहे. रोलर थोडे आणि दूर दूर असतील, तर साखळी प्रत्येक सांध्यापाशी वाकू शकत असल्यामुळे ज्या फळ्यांवर रोलर असेल त्याच फळ्या मातीत दबतील आणि मधल्या फळ्यांवर भारच येणार नाही. मग रुंद पट्ट्याचा उपयोग तो काय? रोलर जवळजवळ असले, म्हणजेच ओझे सर्व फळ्यांवर समान वाटले जाते. आपल्या 20 टनांच्या बुलडोझरला दोन्ही बाजू मिळून 14 रोलर असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरीने सुमारे दीड टन येईल. पण ही झाली सपाट जमिनीची गोष्ट. पट्ट्याखाली एखादा धोंडा आला, की यंत्राची सारी बाजू क्षणभर एक-दोन रोलरवरच तोलली जाते. असे धक्के दिवसभर सोसण्याची ताकद रोलरमध्ये असावी लागते.

साखळीच्या वरच्या बाजूलाही एक-दोन लहान रोलर असतात. त्यांच्यावर यंत्राचा भार नसतो. लांब साखळी स्वतःच्या वजनाने मध्येच लोंबू नये, एवढ्यासाठी ते तिला आधार देतात. खालचे रोलर यंत्राला वाहतात, तर वरचे साखळीला वाहतात.

रोलर बाहेरून साधा दिसतो. परंतु त्याचे अंतरंग मोठे कौशल्याचे आहे. मधोमध एक जाड पोलादी आस असतो. आसाची दोन्ही टोके चौकटीला घट्ट बसविलेली असल्यामुळे तो फिरत नाही. फिरते ते त्याच्याभोवतीचे पोलादी कवच. कवचाचा पृष्ठभाग तापवून व एकदम थंड करून अतिशय कठीण केलेला असतो, म्हणजे तो लवकर झिजत नाही. परंतु आतले पोलाद मुद्दामच तितके कठीण ठेवीत नाहीत. कारण फार कठीण पोलाद काचेसारखे ठिसूळ होते आणि धक्क्याने तडकते. वरून कठीण आणि आतून चिवट, असा दुहेरी गुण एकाच वस्तूत साधलेला असतो. कवचाला कडेने उंच काठ असतात. यंत्र वळताना किंवा उतारावर तिरपे उभे असताना साखळी बाजूला निसटू लागली, तर हे काठ तिला अडवून धरतात.

आस आणि कवच यांच्यामध्ये काशासारख्या मिश्र धातूची नळी असते आणि सर्व पोकळी तेलाने भरलेली असते. 20 सेंटिमीटर व्यासाचा रोलर एक किलोमीटर अंतरात सुमारे 1,600 वेळा फिरतो. यंत्र दिवसभरात 30 किलोमीटर मागे-पुढे फिरले, तर हे फेरे जवळजवळ 50,000 होतात. इतके फेरे, इतक्या ओझ्याखाली, तेलाशिवाय होणे शक्यच नाही. पण तेल आत ठेवावयाचे कसे, हाच खरा प्रश्न आहे. कारण रोलर अहोरात्र चिखलात, वाळूत आणि पाण्यात बुडालेला असतो. यासाठी दोन्ही टोकांना अतिशय कठीण धातूच्या कड्यांची जोडी बसवितात. त्यांतील एक कडे आसाबरोबर स्थिर असते, दुसरे कवचाबरोबर फिरते. दोन्हींची तोंडे आरशासारखी गुळगुळीत घासलेली असतात आणि त्यांच्यामागे बसविलेली रबराची वळी त्यांना एकमेकांवर सतत दाबून धरतात. त्यामुळे आतले तेल बाहेर येत नाही आणि बाहेरचा चिखल आत जात नाही. जोपर्यंत ही कडी शाबूत, तोपर्यंत रोलर शाबूत. कडी फुटली, की प्रथम तेल झिरपते, मग रेती आत शिरते, मग आस व नळी एकमेकांना खातात आणि अखेर रोलर फिरायचाच थांबतो. न फिरणारा रोलर साखळीवर नुसता घासला जातो. त्याची एक बाजू चपटी होते आणि साखळीचेही नुकसान होते. एका रोलरचा बिघाड अशा रीतीने साऱ्या पट्ट्याचा बिघाड होऊन बसतो.

रोलरसारख्या दुर्लक्षित भागावर केवढी मोठी गोष्ट अवलंबून असू शकते, याचे एक संस्मरणीय उदाहरण अमेरिकेच्या चंद्रमोहिमेत घडले. चंद्रावर माणूस नेण्यासाठी तेथील शास्त्रज्ञांनी सॅटर्न-5 नावाचा अग्निबाण तयार करावयाचे ठरविले. त्याची उंची सुमारे 110 मीटर. फ्लॉरिडामधील केनेडी अंतराळ केंद्रात एका प्रचंड इमारतीत त्याची जुळणी व्हावयाची आणि मग तो उभाच्या उभा, आपल्या मंचासह, सुमारे साडेपाच किलोमीटर दूर असलेल्या उड्डाणस्थळी न्यावयाचा, अशी योजना होती. हे ओझे वाहील असे वाहन जगात नव्हते. तेव्हा कोळशाच्या खाणींसाठी पट्ट्यांवर चालणारी अजस्र फावडी बनविणाऱ्या मॅरिअन पॉवर शॉव्हेल या कंपनीकडून दोन वाहने बांधून घेण्यात आली. प्रत्येक वाहनाचे स्वतःचेच वजन सुमारे 2,700 टन होते. त्याला एकूण आठ पट्टे, प्रत्येक पट्ट्यात 57 फळ्या, आणि एकेका फळीचे वजन सुमारे 900 किलोग्रॅम. आठ पट्ट्यांत मिळून 88 रोलर होते. वाहन आणि त्यावरील ओझे मिळून सुमारे 8,000 टन होऊ शकत. म्हणजे एकेका रोलरच्या वाट्याला सरासरीने नव्वद टन!

1965 च्या जुलै महिन्यात त्या वाहनावर उड्डाणमंच व मनोरा चढवून त्याची चाचणी घेण्यात आली. वाहन चालले, परंतु नंतर त्याच्या मार्गावर धातूचे तुकडे पडलेले आढळले. तपासणी केली असता रोलरच्या आतील काही बेअरिंगांचा चुरा झाल्याचे दिसून आले. या बेअरिंगांत लहान लहान पोलादी रूळ बसविलेले होते. वरून येणाऱ्या ओझ्याचा हिशेब पुष्कळ झाला होता; परंतु एवढे वाहन वळविताना पट्ट्यांवर बाजूने जो रेटा येतो, तो अपेक्षेपेक्षा फार मोठा निघाला. प्रसंग बिकट होता. अग्निबाणाची कोट्यवधी डॉलरांची तयारी चालू होती आणि तो हलविण्याचे दुसरे साधन नव्हते.

अभियंत्यांनी त्यावर जो उपाय केला, तो अगदी साधा होता. त्यांनी नाजूक रुळांची बेअरिंगे काढून टाकली आणि त्यांच्या जागी काशाच्या धातूच्या साध्या, भरीव नळ्या बसविल्या. अशा नळीत घर्षण अधिक होते, त्यामुळे वाहनाला शक्तीही अधिक लागते. परंतु वरून येणारे ओझे आणि बाजूने येणारा रेटा ही दोन्ही ती सोसू शकते. 1966 च्या आरंभी नव्या नळ्यांची चाचणी यशस्वी झाली. त्याच वर्षी 25 मे रोजी चाचणीसाठी बांधलेला पहिला सॅटर्न-5 अग्निबाण त्या वाहनावरून उड्डाणस्थळी पोहोचला. पुढे 20 मे 1969 रोजी अपोलो-11 चा अग्निबाणही असाच, माणसाच्या चालीपेक्षाही मंद गतीने, तासाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने, उड्डाणस्थळी नेण्यात आला. दोन महिन्यांनी माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले. चंद्राकडे जाणाऱ्या त्या वाटेचे पहिले काही किलोमीटर रोलरवरून गेले होते, हे फारच थोड्यांच्या ध्यानात असेल. विशेष हे, की त्या जोडीतील एक वाहन पुढे सर्व रोलर बदलून अधिक बळकट करण्यात आले आणि 2022 साली आर्टेमिस-1 या नव्या चंद्रमोहिमेचा अग्निबाणही त्यानेच वाहून नेला.

धरणावरच्या किंवा खाणीतल्या बुलडोझरवर चंद्राचे ओझे नसते. तथापि त्याच्या रोलरची निगा तितक्याच दक्षतेने घ्यावी लागते. चाक आणि चिखल यांचे वैर जुनेच आहे. दिवसाच्या कामात रोलरभोवती साचलेला चिखल रात्रीतून सुकून दगडासारखा घट्ट होतो आणि सकाळी रोलर फिरेनासे होतात. म्हणून चांगला चालक संध्याकाळी यंत्र बंद करण्यापूर्वी फावड्याने तो चिखल काढून टाकतो. साखळी फार सैल असेल, तर ती रोलरवरून उतरते. फार ताणलेली असेल, तर प्रत्येक सांध्यावर व चाकावर निष्कारण ताण पडून झीज वाढते. म्हणून वरच्या बाजूची साखळी किती लोंबते ते मोजून तिचा ताण ठरवितात. सदा एकाच बाजूला वळणे, गरजेवाचून वेगाने मागे जाणे, या सवयीही पट्ट्याचे आयुष्य कमी करतात. रोलरच्या टोकाशी तेलाचा ओला, काळसर डाग दिसला, तर तो केवळ डाग नसून आतले कडे फुटल्याची सूचना असते, हे अनुभवी चालक जाणतो. त्या दिवशीच तो रोलर बदलला, तर खर्च एका रोलरचा. दुर्लक्ष केले, तर खर्च साऱ्या साखळीचा.

यंत्राचे पाते डोंगर फोडते, त्याचा बाहू मातीचे ढीग उचलतो आणि पाहणारे त्यांचेच कौतुक करतात. रोलरचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तो चिखलात राहतो, वाट्याला आलेले ओझे शेजारच्या रोलरबरोबर वाटून घेतो आणि मुकाट्याने फिरत राहतो. परंतु तो थांबला, की पाते आणि बाहू, एंजिन आणि चालक, सर्वच जागच्या जागी थांबतात. म्हणूनच दिवसाचे काम संपल्यावर, सर्वांची घरी जाण्याची लगबग चाललेली असताना, जो चालक फावडे हातात घेऊन पट्ट्यापाशी वाकतो आणि एकेका रोलरभोवतीचा चिखल खरवडून काढतो, तोच आपल्या यंत्राला खऱ्या अर्थाने ओळखतो.